थंडीत शटर अडलं तर

मे महिन्यात ४५ अंशांत बिनबोभाट चालणारं गॅरेजचं मोटारवालं शटर डिसेंबरच्या पहाटे अर्ध्यावर थांबलं, की दोष लगेच मोटारीवर येतो. बहुतेकदा गुन्हेगार असतं जुनं ग्रीस. २९ डिसेंबर २०१८ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा गारठ्यात ग्रीस घट्ट होतं, त्यात उन्हाळाभराची धूळ मुरलेली. मोटारीला जोर जास्त लागतो आणि अडथळा आला समजून यंत्रणा शटर थांबवते किंवा उलटं फिरवते.

शटर खाली असताना मेन स्विच बंद करा, मोटार सुटी करून हाताने उचलून पाहा. जड गेलं तर दोष गाइडमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये. अलगद उचललं गेलं तर आधी रिमोटचा सेल बदला. अर्धमेला सेल थंडीत पारच ढेपाळतो. सेन्सरच्या काचेवरचं दव कोरड्या फडक्याने पुसा. गाइड साफ करून सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीसवर ग्रीस थापू नका. मोटारीचा जोर वाढवणारा स्क्रू पिळायचा मोह होतोच, पण मग खाली मूल आलं तरी शटर वेळेवर थांबेलच असं नाही. स्प्रिंगचं काम मात्र मिस्त्रीचंच. ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोट जातं.