न वितळवता सांधलेले धातू

खांबावरून येणारी तार ॲल्युमिनियमची आणि स्टार्टरचे टोक तांब्याचे, असे पुष्कळ ठिकाणी असते. दोन्हींना नुसता पीळ दिला तर ओलाव्याने ॲल्युमिनियम झिजते, सांधा सैल होऊन तापतो आणि एखादे दिवशी जळतो.

मग दोन्ही धातू वितळवूनच का जोडू नयेत? अडचण अशी, की ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, तर तांब्याला १०८५ अंश लागतात. शिवाय ते रस होऊन मिसळले, की सांध्यात ठिसूळ थर धरतो. जरा ताण बसला की तो तडकतो.

यावरचा तोडगा म्हणजे घर्षण. थंडीत तळहात चोळले की ऊन होतात ना? तसेच. यंत्रात एक कांब गरगर फिरवायची आणि दुसरी तिच्या तोंडाशी दाबून धरायची. काही सेकंदांत तोंडे तापून मऊ होतात, पण वितळत नाहीत. लगेच फिरणे थांबवून दाब वाढवायचा. वरचा मळका थर कडेने बाहेर पडतो आणि स्वच्छ धातूला स्वच्छ धातू भिडून एकजीव होतो. उष्णता थोडा वेळच टिकते, म्हणून ठिसूळ थर फारसा वाढत नाही.

एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबे असलेले लग याच रीतीने करतात. ॲल्युमिनियमच्या नळीत तार दाबून बसवायची, तांब्याची पट्टी तांब्याच्या टोकाला कसायची. तेव्हा वीज बंद करून वायरमनकडून असा लग बसवून घ्यावा. पिळावर भागवू नये.