जुहूचा चिखल आणि टपालाचे विमान

वसईची खाडी ओलांडली की साष्टी बेट लागते. आम्ही वसईकर ते रोज लोकलमध्ये डुलक्या घेत ओलांडतो. परवा वर्गात मी ऐटीत सांगत होतो, “१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाचे विमान आणून जुहूला उतरवले.” मागच्या बाकावरून एक कोळ्याचा पोर म्हणाला, “सर, जुहू म्हणजे खाजण. पावसाळ्यात काय करीत?”

मी निरुत्तर! घरी येऊन पुस्तके उपसली.

पोराचे खरे होते. जुहू हे साष्टीलगतचे एक वेगळेच चिमुकले बेट. वाळूचा लांबट पट्टाच. ओहोटीला माणसे चिखल तुडवीत तिकडे जात. १९२८ साली तेथे विमानतळ झाला खरा. पण टाटांची कचेरी म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली झोपडी, आणि पाऊस लागला की मैदान पाण्याखाली! मग दोन विमाने, तीन वैमानिक, तीन मिस्त्री असे सारे बिऱ्हाड पुण्यास हाले आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर थाटले जाई. मुंबईचे विमान पावसाळाभर पुणेकर! (पुणेकरांनी हे अजून कसे मिरवले नाही, नवलच.)

१९४८ साली प्रवासी विमाने सांताक्रूझच्या मोठ्या तळावर गेली. जुहूला आता मुख्यतः हेलिकॉप्टरे उतरतात.

दुसऱ्या दिवशी मी पोराला हे सारे सांगितले. तो म्हणाला, “आमच्या आजोबांना विचारलं असतंत, तर पुस्तकं कशाला लागली असती?”