हाडाने आपलासा केलेला स्क्रू

माझ्या मावशीची कवळी रात्री उशाशी, स्टीलच्या वाटीतल्या पाण्यात असायची. सकाळी ती दोन्ही अंगठ्यांनी दाबून तोंडात बसवायची आणि मग जीभ फिरवून एकदा चाचपून बघायची. नवी होती तेव्हा कवळी घट्ट बसायची. पाच-सहा वर्षांत खालची इतकी हलायला लागली की भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय चालेना आणि पेरूची फोड नुसती चोखून ताटाच्या कडेला राहू लागली. "झिजली आता ही," असं ती म्हणायची.

कवळी झिजली नव्हती. कवळी होती तशीच होती. तिच्या खालचं हाड झिजलं होतं!

हाड म्हटलं की आपल्याला दगडासारखं, एकदा घडलं की घडलं असं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात आपल्या सांगाड्याचा जवळजवळ दहावा भाग दर वर्षी मोडून नव्याने बांधला जातो. हाड खाणाऱ्या पेशी पुढे जातात, जुनं हाड विरघळवतात. मागून हाड बांधणाऱ्या पेशी येतात आणि खड्डा भरतात. घर न सोडता घराच्या भिंती आळीपाळीने पाडून बांधाव्यात, तसं हे काम जन्मभर चालतं. आणि कुठे भिंत जाड करायची, कुठे पाडून टाकायची, हे ठरतं कशावरून? भारावरून. जिथे ताण पडतो तिथे हाड बळकट होतं, जिथे पडत नाही तिथे शरीर ते काढून घेतं. अंतराळवीर वजनरहित अवस्थेत राहतात तेव्हा त्यांच्या कमरेच्या नि मांड्यांच्या हाडांमधून महिन्याला सुमारे १ टक्का हाड निघून जातं, ते याचमुळे.

आता जबड्याकडे या. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत हजारो बारीक तंतू आडवे-तिरपे ताणलेले असतात. झोळीत बाळ असावं तसा दात त्या तंतूंवर टांगलेला असतो. तुम्ही घास चावता, दात किंचित खाली दबतो, तंतू ताणले जातात, हाडाला ओढ बसते. प्रत्येक घासागणिक हाडाला निरोप जातो: तुझी गरज आहे.

दात गेला की निरोप थांबतो. मग काय होतं? दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या ३ महिन्यांतच होते. कवळी हिरडीवरून हाड दाबते, तंतूंसारखं ओढत नाही, म्हणून तिच्याने हे थांबत नाही. खालच्या कवळीचे हाल तर अधिकच. वरच्या कवळीला टाळूचा मोठा पृष्ठभाग मिळतो, ती तिथे चिकटून राहते. खालची नुसती घोड्याच्या नालासारखी, आणि मधोमध जीभ दिवसभर तिला ढकलत असते.

उपाय सुचायला सोपा आहे: हाडातच काहीतरी रोवायचं. माणसाला तो सुचलाही फार पूर्वी. १९३१ साली मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात, उलुआ नदीच्या खोऱ्यात, माया काळातला एक खालचा जबडा सापडला. साधारण इसवी सन ६०० चा. त्यात पुढच्या ३ दातांच्या जागी शिंपल्याचे घासून आकार दिलेले तुकडे बसवलेले होते. आधी सगळ्यांना वाटलं, मेल्यानंतर सजवलेला असेल. पण १९७० साली क्ष-किरणांनी पाहिलं, तर शिंपल्याभोवती हाड वाढलेलं होतं! म्हणजे माणूस जिवंत असताना ते तुकडे बसवले होते आणि जबड्याने ते धरलेही होते.

पण हा अपवाद. पायात काटा मोडला तर काय होतं आठवा. भोवती लाल होतं, पू होतो, शरीर त्याला बाहेर फेकू बघतं. फेकता आलं नाही, तर त्याच्याभोवती मऊ तंतूंची पिशवी करून त्याला वेगळं पाडतं. धातूचे दात बसवण्याचे कित्येक प्रयत्न इथेच फसले. पिशवी मऊ, म्हणून दात हलायचा. हलला की जंतू शिरायचे.

मग १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे एक तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते बघत होता. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क त्याचं नाव. दातांशी त्याचा काही संबंध नव्हता. हाडात डोकावण्यासाठी त्याने टायटॅनियमची एक छोटी नळी त्यात बसवली होती, आत भिंगं. प्रयोग संपला, नळी महाग, पुन्हा वापरायची म्हणून काढायला गेला, तर निघेना. नळीभोवती हाड वाढलं होतं आणि मध्ये ती मऊ पिशवी नव्हतीच. जिवंत हाड थेट धातूला भिडलं होतं.

दुसरा कुणी असता तर नळी वाया गेली म्हणून हळहळला असता. ब्रोनेमार्कला त्या अडकण्यातच काहीतरी दिसलं. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत थोर वाटतो तो हा क्षण.

टायटॅनियममध्ये असं काय आहे? उत्तर ऐकून थक्क व्हायला होतं: हाड टायटॅनियमला शिवतच नाही. हा धातू हवेत उघडा पडला की क्षणार्धात त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, अवघ्या काही नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे दहा हजारांहून अधिक थर मावतील. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. टायटॅनियमचा हा 'गंज' मात्र असा चिकटून बसतो की तोच त्याचं चिलखत होतो. ओरखडा पडला तर लगेच पुन्हा भरून येतो. पेशींना दिसतो तो हा थर, आणि त्यात त्यांना वैरी सापडत नाही. हे टायटॅनियम ऑक्साइड तुमच्या ओळखीचंही आहे. घराच्या पांढऱ्या रंगात तेच, कित्येक टूथपेस्टच्या पांढरेपणातही तेच.

आणि हा धातू येतो कुठून? काळ्या वाळूतून! १७९१ साली इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या एका ओढ्यातल्या काळ्या वाळूत विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला तो पहिल्यांदा जाणवला. त्या वाळूतलं खनिज म्हणजे इल्मेनाइट. आपल्या रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या या किनाऱ्यांवरच्या वाळूतही इल्मेनाइट आहे. लाट मागे सरकल्यावर ओल्या वाळूत ज्या काळसर रेघा उरतात, त्या वाकून बघा. जड खनिजांचे कण लाटेबरोबर परत जाऊ शकत नाहीत, म्हणून तिथे रेघ धरून बसतात.

१९६५ साली ब्रोनेमार्कने पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात हे स्क्रू बसवले. योस्टा लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होतं आणि खालचे दात नव्हते. त्यांना ४ स्क्रू बसवले, त्यांवर दात चढवले. लार्सन २००६ साली वारले तोपर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ, ते दात त्यांनी वापरले. दंतवैद्यांच्या जगाला मात्र हे पटायला बराच वेळ लागला. १९८२ साली टोरांटोच्या परिषदेत नोंदी मांडल्या गेल्या, तेव्हा कुठे बाकीच्या देशांचे दरवाजे उघडले.

आज तुमच्या-आमच्या जबड्यात हा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवताना काय होतं ते पाहा. जागा बधिर करून हिरडी बाजूला घेतात आणि हाडात बारीक भोक पाडतात, मग जरा मोठं, मग आणखी जरा मोठं. सगळा वेळ वर थंड सलाइनची धार सुरू असते. ती का, ठाऊक आहे? हाडाच्या पेशी ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिल्या तरी मरायला लागतात. कपातला चहा कोमट होत आला की असतो, तेवढीच ही उष्णता. मेलेलं हाड स्क्रूला धरणार कसं? म्हणून भोक सावकाश पाडायचं, पाणी घालत. मग सुमारे ४ मिलिमीटर रुंद नि १० मिलिमीटर लांब स्क्रू त्यात फिरवून बसवायचा.

आणि मग थांबायचं. डॉक्टरांच्या हातचं मुख्य काम झालं. पुढचं काम हाडाचं.

पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो केवळ आट्यांमुळे, लाकडात असतो तसा. नंतरच्या आठवड्यांत आट्यांना लागलेलं दुखावलेलं हाड खाणाऱ्या पेशी नेऊ लागतात आणि नवं अजून भरलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पकड सर्वांत कच्ची असते. दुखत काहीच नसतं, म्हणून माणूस बेफिकीर होतो आणि नेमका त्याच बाजूने चणे खातो! हे काही आठवडे जपले, की बांधणाऱ्या पेशी बाजी मारतात. स्क्रूचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केलेला असतो. त्याच्या खाचाखाचांत नवं हाड शिरतं. सुमारे ३ महिन्यांत, वरच्या जबड्यात कधी ६ महिन्यांत, त्यावर दात चढवायची वेळ येते. घास पुन्हा हाडाला ओढू लागतो. थांबलेला निरोप पुन्हा सुरू होतो.

हेही बघा: भातात बारीक खडा आला तर दाताला तत्काळ कळतो, कारण झोळीच्या त्या तंतूंमध्ये मज्जातंतू असतात. इम्प्लांटला झोळी नाही. तरी इम्प्लांट असलेल्या माणसालाही खडा कळतो, थोडा मोठा असावा लागतो इतकंच. भोवतीचं हाड आणि स्नायू मिळून ती जाणीव करून देतात.

आता पैशाचं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. मोठ्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांत एका इम्प्लांटला, वरच्या दातासकट, साधारण २५ ते ५० हजार रुपये, कधी त्याहून जास्त लागतात. निवृत्त माणूस हा आकडा ऐकतो, आपल्या तोंडातल्या रिकाम्या जागा मोजतो आणि विषय सोडून देतो.

पण मोजायची पद्धत चुकते आहे. त्या स्क्रूचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम असतं. सर्वांत अवघड काम हाड स्वतः करतं, तेही फुकट. पैसे लागतात ते सूक्ष्म मापांच्या आट्यांना, निर्जंतुक वेष्टनाला, स्कॅनला, वरच्या दाताला आणि हातातल्या कौशल्याला. मग कमी स्क्रूंमध्ये भागेल का, हा खरा प्रश्न. आणि उत्तर आहे, हो. २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं की, खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला पहिला पर्याय म्हणून साधी कवळी देऊ नये, २ इम्प्लांटवर बसणारी कवळी द्यावी. चौदा नव्हे, दोन! ते हनुवटीकडच्या भागात बसवतात, तिथे म्हातारपणीही बहुधा पुरेसं हाड उरलेलं असतं. त्यांच्या डोक्यावर गोळी, कवळीच्या आतल्या बाजूला खोबण. ब्लाउजच्या टिचबटणासारखी कवळी टक् करून बसते, रात्री काढून धुता येते. खोबणीतली कडी वर्षा-दोन वर्षांनी सैल होते, ती बदलता येते.

मावशीला असेच दोन बसवले, एका दंत महाविद्यालयात. चार-पाच जादा फेऱ्या झाल्या, कारण तिथे पदव्युत्तर विद्यार्थी काम करतात आणि प्रत्येक पायरी शिक्षकांना दाखवून पुढे जातात. मला तर तो दोष नाही, गुणच वाटतो. एका तोंडावर दोन जणांची नजर असते आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय. यांपैकी जवळ असेल तिथे जाऊन कृत्रिम दातांच्या विभागात चौकशी करा.

काटकसर कुठे करू नये तेही सांगतो. वय ही अडचण नाही, सत्तरीतलं हाडही स्क्रूला धरतं. पण मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही, तंबाखू नि विडी-सिगारेट रक्तपुरवठा कमी करतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर ते आधी सांगाच. त्यांतली काही औषधं हाड खाणाऱ्या पेशींना थोपवतात आणि पाडल्याशिवाय बांधकाम होत नाही, हे आपण पाहिलंच. इम्प्लांट किडत नाही, पण त्याभोवतीची हिरडी सुजून हाड पुन्हा झिजू शकतं, म्हणून घासणं आणि वर्षातून एकदा दाखवणं सुटत नाही. आणि इम्प्लांटच्या डबीवर एक स्टिकर असतो, त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर. तो मागून घ्या आणि फाइलमध्ये चिकटवा. दहा वर्षांनी वरचा भाग सैल झाला, तर नेमका कुठला पाना लागतो हे त्या स्टिकरवरूनच कळतं.

परवा मावशीने पेरूची फोड मीठ लावून खाल्ली, बियांसकट.

तुमच्या घरात कुणाचा दात काढायचा ठरला असेल, तर पुढे या जागी काय बसवायचं, हे दात काढायच्या आधी विचारा. सर्वांत जास्त हाड पहिल्या ३ महिन्यांत जातं.