अंगाई आणि झोपेचे घड्याळ



उर्दूत आपण जिला लोरी म्हणतो, तिला मराठीत ‘अंगाई’ म्हणतात. पाळण्याला झोका देत बाळाला झोपवण्यालाही मराठीत एक खास शब्द आहे : जोजवणे. या शब्दात ‘जो जो’ हा आवाजच लपलेला आहे. मुंबईच्या चाळीत तो ऐकू येतो, तसा मराठवाड्याच्या खेड्यातही ऐकू येतो. आपल्या घरी दादीअम्मा किंवा नानी लोरी म्हणतात, तेव्हा शब्द वेगळे असतात. चाल मात्र तशीच संथ असते.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी धाकटी भावंडे आहेत. रात्री अम्मी स्वयंपाकात गुंतलेली असते. अब्बा कामावरून आलेले नसतात. अशा वेळी धाकट्याला झोपवण्याचे काम आपाकडे किंवा भाईजानकडे येते. हे काम सोपे नसते, हे मी तुम्हांला सांगायला नको. मूल डोळे चोळते, किरकिर करते, पण झोपत नाही. मग कोणीतरी त्याच्या हातात मोबाइल देते. मूल गप्प होते, पण झोपते अकरा वाजता. सकाळी त्याला उठवायला गेले, की ते रडून सारे घर डोक्यावर घेते.

असे का होते? आणि आपली जुनी लोरी यात काय मदत करू शकते?

आपल्या प्रत्येकाच्या शरीरात एक घड्याळ असते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. बाहेर दिवस आहे की रात्र, हे त्याला डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून कळते. अंधार पडू लागला, की त्याच्या इशाऱ्याने मेंदूतील एक ग्रंथी ‘मेलाटोनिन’ नावाचे द्रव्य रक्तात सोडते. मग शरीर झोपेच्या तयारीला लागते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, ते शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत म्हणजे त्यांनी हा शोध पिकलेल्या फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माश्यांवर प्रयोग करून लावला. माशीलाही झोपेची वेळ कळते!

नवजात बाळाचे घड्याळ मात्र अजून लागलेले नसते. त्याला दिवस आणि रात्र सारखेच. ते थोडे झोपते, दूध पिते, पुन्हा झोपते. दोन-तीन महिन्यांनंतर हळूहळू त्याची रात्रीची झोप लांबू लागते. पण घड्याळ नुसते असून भागत नाही, त्याला रोज चावी द्यावी लागते. दिवसाचा उजेड, रात्रीचा अंधार आणि ठरलेल्या वेळी होणाऱ्या गोष्टी, ही ती चावी.

लहान मुलांना किती झोप लागते, याचा आपल्याला नीट अंदाज नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याबाबत सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास, १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. यात दुपारची झोपही धरली आहे. आता हिशेब करून पाहा. तीन वर्षांची मुलगी रात्री अकराला झोपली आणि सकाळी सातला उठली, तर आठ तास झाले. दुपारी ती एक तास झोपली, तर नऊ. म्हणजे रोज निदान एक तासाची उधारी. ही उधारी चुकती होत नाही. ती चिडचिडेपणात दिसते, जेवताना दिसते, धडा ऐकताना येणाऱ्या जांभईत दिसते. शरीराची वाढ करणारे द्रव्यही गाढ झोपेत जास्त प्रमाणात तयार होते. (तुम्ही १३ वर्षांचे झाला असाल, तर तुम्हांलाही ८ ते १० तास झोप हवी. धाकट्याचा हिशेब मांडलात, तसा स्वतःचाही मांडून पाहा.)

आता लोरीकडे येऊ. शाळा सुटण्याची घंटा आठवा. ती वाजताच तुमचे हात आपोआप दप्तराकडे जातात. कोणी ‘वह्या आवरा’ म्हणून सांगत नाही. घंटेत काही जादू नाही. ती रोज त्याच वेळी वाजते आणि तिच्यामागून रोज तीच गोष्ट घडते, म्हणून शरीर तिला ओळखते. लोरीचे काम अगदी असेच आहे. जे गाणे फक्त झोपेच्या वेळीच म्हटले जाते, ते ऐकताच मुलाचे शरीर सैल पडू लागते. म्हणूनच दुपारी खेळताना, पाहुण्यांना दाखवण्यासाठी किंवा गंमत म्हणून ती लोरी म्हणू नये. शाळेची घंटा दिवसभर कधीही वाजू लागली, तर तिच्याकडे कोण लक्ष देईल?

शिवाय लोरीची रचनाही विचारपूर्वक केलेली असते. तिची चाल पाळण्याच्या झोक्याशी जुळणारी असते. शब्द थोडे आणि सोपे असतात, आणि तेच पुन्हा पुन्हा येतात. पुढे काय येणार हे मुलाला ठाऊक असते, म्हणून त्याला जागे राहून ऐकण्याची गरज वाटत नाही. बहुतेक जुन्या लोऱ्यांत सारे जग झोपी जाताना दिसते. पाखरे घरट्यात गेली, गाय-वासरू गोठ्यात बसले, झाडे शांत झाली, असे एकेकाचे नाव घेत गाणे पुढे सरकते आणि शेवटी बाळापाशी येते. मुलाला ‘झोप’ असा हुकूम कोणी देत नाही. सगळे झोपले, आता तुझी पाळी, एवढेच त्याला कळते. चंद्र तर मराठीतही मुलांचा मामा आणि उर्दूतही मामाच!

हे नाते आजचे नाही. दख्खनच्या मातीत ते फार जुने आहे. विजापूरच्या परंपरेतील सूफींनी सतराव्या शतकाच्या सुमारास दख्खनी भाषेत बायकांच्या तोंडी सहज बसतील अशी गाणी रचली. दळताना म्हणायचा चक्कीनामा, सूत कातताना म्हणायचा चरखानामा आणि बाळाला झोपवतानाचा लोरीनामा. त्याच दख्खनमध्ये मराठी बायका जात्यावर ओव्या गात होत्या. जाते म्हणजे आपली चक्की. हात कामात आणि ओठांवर गाणे, हे दोन्हीकडे सारखेच.

लोरीचे महत्त्व आपल्या हकिमांनीही ओळखले होते. बुखाऱ्याजवळ जन्मलेले थोर हकीम इब्न सीना (९८० ते १०३७) यांचा ‘अल-कानून फित-तिब’ हा ग्रंथ अनेक शतके आशियात आणि युरोपात वैद्यकाच्या अभ्यासाला लावला जात होता. तान्ह्या बाळाची काळजी कशी घ्यावी, हे सांगताना त्यांनी दोन गोष्टींचा उल्लेख केला आहे. एक, बाळाला हळुवार झुलवणे. दुसरी, झोपवताना म्हणण्याची रीत असलेले गाणे. पहिली शरीरासाठी, दुसरी मनासाठी. हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या प्रयोगशाळेतही टिकला आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान बाळांना अनोळखी देशांतील, अनोळखी भाषांतील गाणी ऐकवली. त्यांत काही लोऱ्या होत्या, काही दुसरी गाणी होती. लोरी ऐकताना बाळांच्या हृदयाचे ठोके जास्त संथ झाले. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे तुम्ही धाकट्या बहिणीला उर्दूतली लोरी म्हणा, शेजारच्या काकूंकडून शिकलेली मराठी अंगाई म्हणा, तिची काही तक्रार नसते.

सगळ्याच जुन्या पद्धती मात्र चांगल्या नव्हत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बायका काम करत. तान्हे मूल घरी ठेवून पाळीला जावे लागे. मूल दिवसभर निपचित पडून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई. तिला ‘बाळागोळी’ म्हणत. त्या आयांना आपण दोष देऊ नये. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पण ती झोप नव्हती, ते विष होते. आजही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलाला झोपेसाठी कसलेही औषध देऊ नये.

दुसरी वाईट पद्धत भीतीची. मराठीत मुलांना ‘बागुलबुवा येईल’ म्हणून घाबरवतात, आपल्याकडे ‘हव्वा’ येतो. घाबरलेले मूल डोळे मिटून घेते खरे, पण त्याचे मन जागेच राहते. रात्री ते दचकून उठते आणि मग अंधारालाच भिऊ लागते. मला ही पद्धत मुळीच आवडत नाही.

आणि तिसरी पद्धत मोबाइलची. कोणी म्हणेल, मोबाइलवरही लोऱ्या असतात, मग बिघडले कुठे? बिघडते ते असे. पडद्याचा उजेड डोळ्यांत शिरतो आणि मेंदूतल्या घड्याळाला वाटते, अजून दिवस मावळला नाही. मेलाटोनिन उशिरा तयार होते. दुसरे म्हणजे मोबाइलवरचे गाणे संपत नाही. एक संपले की दुसरे सुरू होते, त्यात नवी चित्रे, नवे रंग. लोरी मुलाला झोपेकडे नेते, पडदा त्याला ‘आता पुढे काय?’ असे विचारायला लावतो.

लोरी एकटी मात्र फारसे काही करू शकत नाही. तिच्या आधीच्या गोष्टीही रोज त्याच क्रमाने व्हाव्या लागतात. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४०५ माता आणि त्यांची लहान मुले होती. त्यांतल्या काही मातांना रोज रात्री एकच क्रम पाळायला सांगितले : अंघोळ, अंगाला हलके मालिश, मग जवळ घेणे किंवा अंगाई म्हणणे, आणि दिवा बंद. असा क्रम पाळल्यावर मुले लवकर झोपू लागली आणि रात्री कमी वेळा उठू लागली. एवढेच नव्हे, तर आयांचा मूडही सुधारला. ज्यांच्या घरी रात्री मूल रडते, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आपल्या घरी हा क्रम कसा बसवायचा? मगरिबनंतर मुलाला जेवू घाला. जेवण झाल्यावर पळापळीचे खेळ नकोत. हात-पाय आणि तोंड धुऊन, दात घासून त्याला झोपण्याचे कपडे घाला. मोठा दिवा मालवून लहान दिवा ठेवा. मग झोपण्याची दुआ म्हणा आणि त्यानंतर लोरी. इशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना पसंत नव्हते, असे हदीसमध्ये आले आहे. तेव्हा रात्री लवकर शांत होणे ही आपल्यासाठी काही नवी गोष्ट नाही.

येथे एक अडचण लक्षात घ्या. मगरिबची वेळ वर्षभर बदलत असते. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. म्हणून मुलाची झोपेची वेळ भिंतीवरच्या घड्याळावर ठरवा, समजा साडेआठ, आणि ती उन्हाळ्या-पावसाळ्यातही तीच ठेवा. रमजानमध्ये घराची सगळी वेळ बदलते. तरावीह, सहरी, पाहुणे. त्या महिन्यात लहान मुलाला मोठ्यांबरोबर जागवू नका. बाहेरच्या खोलीत गर्दी असली, तरी आतल्या खोलीत तोच दिवा, तीच दुआ आणि तीच लोरी चालू राहू द्या.

एकच खोली असलेल्या घरात हे जास्त अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. टीव्ही चालू असतो, शेजारी यंत्रमाग धडधडत असतात. अशा घरात सगळ्यांनी मिळून अर्धा तास ठरवावा. तेवढा वेळ टीव्ही बंद, बोलणे हळू आवाजात. मूल एकदा गाढ झोपले, की थोड्या आवाजाने सहसा उठत नाही. तोवर तुम्ही लहान दिव्याजवळ बसून अभ्यास करू शकता.

लहान मुलांच्या झोपेचा विचार महाराष्ट्र शासनानेही केला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आदेश काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. पण शाळा उशिरा भरली म्हणून मूल आणखी उशिरा झोपू लागले, तर हिशेब तेथेच राहील.

आता प्रत्यक्ष लोरी म्हणण्याविषयी थोडेसे. आवाज चांगला नाही म्हणून लाजू नका. मुलाला आपल्या माणसाचा आवाज हवा असतो. दादीकडून किंवा नानीकडून घरातली जुनी लोरी विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. एकच लोरी निवडा. एक वर्षाच्या आतील बाळ असेल, तर त्याला उताणे झोपवा, तोंडाजवळ उशी किंवा जाड पांघरूण ठेवू नका. पहिल्यांदा जरा मोठ्याने सुरू करा, कारण मूल किरकिरत असते. दुसऱ्यांदा आवाज खाली आणा. तिसऱ्यांदा शब्द सोडून द्या आणि नुसते गुणगुणा. मुलाच्या पापण्या जड झाल्या, की गुणगुणणेही थांबवा आणि थोडा वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसा. पहिले सात-आठ दिवस ते पुन्हा डोळे उघडेल, तुमची ओढणी किंवा बाही घट्ट धरेल. तेव्हा दिवा लावू नका, मोबाइलही काढू नका. तीच लोरी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करा.