रुग्णनोंदींचे द्वार : ओळख वेगळी, अधिकार वेगळा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य नवशिष्यास जो उपदेश करतात, त्यात रुग्णगृही जाण्याचा विधीही सांगितला आहे. परिचित आणि प्रवेशाची अनुमती असलेल्या पुरुषासमवेतच वैद्याने रुग्णाच्या घरी प्रवेश करावा आणि त्या घरातील वृत्त बाहेर प्रकट करू नये, असा त्याचा आशय आहे. येथे परिचय आणि अनुमती या दोन गोष्टी स्वतंत्रपणे सांगितल्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आज रुग्णाचे वृत्त केसपेपरावरून संगणकात गेले आहे. तेथे शिरणारा कोण, आणि त्यास कोठवर जाण्याची मुभा आहे, या दोन प्रश्नांचीच व्यवस्था म्हणजे ओळख व प्रवेशाधिकार व्यवस्थापन होय.

शिक्षण-रुग्णालयाची विशेष अडचण

उदाहरणादाखल, नायगाव स्थानकाच्या परिसरातील आमच्या उमेळे गावातून एखादी रुग्णा पंचकर्मासाठी मुंबईतील आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाली असे समजू. नोंदणी लिपिक, आंतरवासी वैद्य, पदव्युत्तर विद्यार्थी, अध्यापक, परिचारिका, प्रयोगशाळा, औषधालय आणि लेखा विभाग, इतक्या जणांना तिच्या नोंदीचा काही ना काही भाग पाहावा लागतो. परंतु सर्वांना सर्व भाग पाहण्याचे प्रयोजन नाही. लेखा विभागास देयकाशी कर्तव्य आहे, तिच्या आर्तववृत्ताशी नाही. उलटपक्षी, औषधालयास ती गर्भिणी आहे काय, हे समजलेच पाहिजे. अधिकार अति दिला तर गोपनीयता जाते, अति आवळला तर चिकित्सेत प्रमाद घडतो.

शिक्षणसंस्थेत ही गुंतागुंत अधिक वाढते. एम.डी.चा विद्यार्थी महाविद्यालयाच्या दृष्टीने विद्यार्थी, तर रुग्णाच्या दृष्टीने वैद्य असतो. एकाच व्यक्तीच्या या दोन भूमिका आहेत. शिवाय आंतरवासी एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरतो. आज कायचिकित्सा, पुढे शल्य, नंतर प्रसूती. प्रत्येक ठिकाणी त्यास नवा अधिकार मिळतो, परंतु जुना काढून घेण्याचे कोणाच्याही ध्यानात राहत नाही. वर्षाच्या आंतरवासितेअंती त्याच्यापाशी सर्वच विभागांच्या किल्ल्या जमलेल्या असतात. तो पदवी घेऊन निघून जातो, त्याचे खाते मात्र जिवंत राहते.

अनुभव काय सांगतो

हा धोका काल्पनिक नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयांत २००५ ते २००८ या काळात कर्मचाऱ्यांनी, चिकित्सेशी काहीही संबंध नसताना, रुग्णांच्या नोंदी वारंवार उघडून पाहिल्याचे आढळले. २०११ मध्ये संस्थेस ८,६५,५०० डॉलर भरून हे प्रकरण मिटवावे लागले. ते चोर बाहेरचे नव्हते. त्यांची ओळख खरी होती, त्या नोंदीवरील अधिकार तेवढा नव्हता.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणक यंत्रणेवर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे कामकाज कागदावर चालवावे लागले. संगणकजाळ्याची अयोग्य विभागणी हे त्याचे कारण शासनाने पुढे संसदेत सांगितले. म्हणजे एक दार उघडताच आतल्या दालनांना पुरेसे अडसर नव्हते.

उपाययोजना

पहिली गोष्ट, प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे. सामाईक परवलीचा शब्द हा सर्वांत मोठा दोष होय. वत्सनाभ, कुपीलू, भल्लातक यांसारखी 'ई-१' अनुसूचीतील द्रव्ये असलेल्या कल्पाची मात्रा नोंदीत बदलली गेली, तर ती कोणी बदलली, हे सामाईक खात्यातून कळणार नाही. दोष मग ज्याच्या नावे खाते आहे त्याच्या माथी येईल.

दुसरी गोष्ट, अधिकार व्यक्तीस नव्हे, कामास द्यावा. विभाग बदलला की अधिकारही आपोआप बदलावा, आणि त्याची मुदत विभागातील नियुक्तीच्या अखेरच्या दिवशी संपावी.

तिसरी गोष्ट, निरोपाची. आंतरवासितेच्या शेवटी ग्रंथालय, वसतिगृह यांचे येणे नसल्याचा दाखला घ्यावाच लागतो. त्याच कागदावर 'संगणक खाते बंद केले' असा एक रकाना वाढविल्यास निम्मे काम होईल.

चौथी गोष्ट, आत्ययिक अवस्थेची. मध्यरात्री मूर्च्छित रुग्ण आला तर अनुमतीची वाट पाहता येत नाही. अशा वेळी द्वार उघडावे, परंतु कारण लिहूनच. आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी ती नोंद तपासावी.

कायदा आणि शासकीय व्यवस्था

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णास १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो, आणि आयुष वैद्यांसाठीही व्यावसायिकांच्या नोंदवहीत स्थान आहे. यातून वैद्याची ओळख पटते, रुग्णाच्या संमतीने नोंद एका संस्थेकडून दुसरीकडे जाते. परंतु संस्थेच्या आत ती कोणी उघडावी, हे संस्थेनेच ठरवावयाचे आहे.

दुसऱ्याचा परवलीचा शब्द कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. माहितीवरील प्रवेशाचे नियंत्रण ठेवणे आणि प्रवेशाच्या नोंदी किमान एक वर्ष जपणे त्यांत अंतर्भूत आहे. सुरक्षेच्या वाजवी उपायांत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

आपल्या दवाखान्यात

हे सारे मोठ्या संस्थांचे प्रश्न, असे वाटणे साहजिक आहे. आम्हांसही तसेच वाटत होते. उमेळे येथील आमच्या दवाखान्यात तिघे एकच परवलीचा शब्द वापरीत होतो आणि तो संगणकाच्या पडद्याखाली चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. एक साहाय्यक काम सोडून गेल्यावर सात महिन्यांनी त्याच्या भ्रमणध्वनीवर आमच्या रुग्णांची यादी अजूनही उघडते, हे त्यानेच भेटीत सहज सांगितले. तो सज्जन होता म्हणून निभावले. खेड्यात सर्व जण एकमेकांस ओळखतात. एखाद्या घरातील व्यसनाची वा वंध्यत्वाची चिकित्सा बाहेर फुटली असती, तर तो रुग्ण पुन्हा आमच्याकडे आला नसताच, आणि कदाचित कोणाही वैद्याकडे गेला नसता.

त्या दिवसापासून आम्ही तीन खाती केली. चिठ्ठी काढली, औषधे देणाऱ्यास केवळ औषधपत्र व आवश्यक सूचना दिसतील अशी व्यवस्था केली आणि दर महिन्याच्या अखेरीस खात्यांची यादी पाहण्याचा परिपाठ ठेवला. यास खर्च काहीच आला नाही, एक दुपार तेवढी गेली. औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींनीही देयकाच्या संगणकाबाबत हाच प्रयोग करून पाहावा.

रुग्ण आपली नाडी आपल्या हाती देतो, तेव्हा त्यासोबत आपले गुपितही देतो. ज्यांच्या हाती ते जावे असे त्यास वाटते, तेवढ्यांच्याच हाती ते राहील, याची काळजी घेणे हा वैद्यधर्माचाच भाग आहे. तरी सभासदांनी प्रथम एवढेच करावे : आज दवाखाना बंद करण्यापूर्वी आपल्या संगणकात कोणाकोणाची खाती आहेत, ती एकदा मोजून पाहावीत.