पाणवठा पाहायला जाऊ या

आज आपण एका सहलीविषयी बोलणार आहोत. सहल दोन दिवसांची, शनिवार-रविवारची. निघायचं मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कातून आणि जायचं सातारा जिल्ह्यातल्या वाईला, कृष्णेच्या घाटांवर. आमच्या मंडळातल्या चौदा जणी गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी जाऊन आलो. काय पाहिलं, ते कसं पाहावं आणि तुमच्या गटाला जायचं असेल तर तयारी कशी करावी, हे सगळं सांगते.

तुम्ही म्हणाल, आमच्या दारातच नदी आहे, ओढा आहे, विहीर आहे, आम्ही आणखी पाणी बघायला कशाला जावं? प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच हा विषय घेतला.

आधी आमचं ऐका. शिवाजी पार्कात राहणाऱ्यांना मैदानाचा अभिमान. पूर्वी त्याला माहीम पार्क म्हणत. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. मैदानापासून चार पावलांवर समुद्र. म्हणजे डोळ्यांना पाणीच पाणी, पण त्यातलं एक तांब्याभरही पिता येत नाही. नळाला येतं ते पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांमधून. त्यातले मोठे तलाव मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. तानसाचं धरण तर १८९२ सालचं. ज्या शहापूर तालुक्यातून आम्हाला पाणी येतं, त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका टँकरची वाट पाहत उभ्या असतात. नळ सोडला की पाणी येतं, एवढंच आम्हाला माहीत. पाणी कुठून येतं, ते कोण सांभाळतं, त्यासाठी कोण थांबतं, हे शहरातल्या बाईला दिसतच नाही. वाईला गेलं की ते पायरी पायरीने दिसतं.

कृष्णा उगम पावते जुन्या महाबळेश्वरला. तिथून खाली उतरते ती धोम, मेणवली आणि मग वाई. पुढे सुमारे चौदाशे किलोमीटर वाहत जाऊन ती आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वाईत ती अगदी गावाच्या अंगणातून जाते, आणि काठाने काळ्या दगडाचे घाट बांधलेले आहेत.

आता घाट म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. नदीचं पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. श्रावणात ते काठाला टेकतं आणि चैत्रात पार खाली जातं. काठ मातीचा असेल तर पावसाळ्यात पाय घसरतो आणि उन्हाळ्यात चिखल तुडवत पाण्यापर्यंत जावं लागतं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, पोटात बाळ, अशा बाईने काय करावं? त्याचं उत्तर म्हणजे पायऱ्या. पाणी कुठेही असो, शेवटची ओली पायरी आपल्या पायाखाली असते. पायऱ्यांच्या मधे जागोजाग रुंद ओटे असतात. तिथे हंडा टेकवता येतो, धुणं आपटता येतं, दम खाता येतो, दोन शब्द बोलता येतात. म्हणजे घाट देवाधर्मासाठी जितका, तितकाच रोजच्या कामासाठी. पायऱ्या बघताना कुठली पायरी जास्त झिजली आहे ते बघा. तिथे किती पावलं पडली असतील, ते वेगळं सांगावं लागत नाही.

घाटावर सगळ्यांच्या नजरेत भरतो तो ढोल्या गणपती. एकाच दगडातून घडवलेली भव्य मूर्ती, म्हणून लाडाने ढोल्या. हे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. शेजारचं काशी विश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच. रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचं माहेर. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव यांच्या त्या आई.

दर्शन झालं की लगेच चपला घालू नका. देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकाराची, टोकाकडे निमुळती होत गेलेली आहे. हे देऊळ उभं आहे ऐन नदीकाठी. पूर आला की पाण्याचा लोंढा मागून येऊन आदळणार. भिंत सपाट असती तर सगळा मार तिने अंगावर घेतला असता. निमुळत्या टोकामुळे पाणी दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. होडीचं नाळेचं टोक पाणी कापतं, तसंच हे. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने मनाशी धरलं होतं की पूर येणारच. पुराला अडवायचं नाही, वाट करून द्यायची. आज नदीपात्रात भराव टाकून घरं बांधणाऱ्यांनी ही भिंत एकदा बघून यावी.

आता वाईची आणखी एक गोष्ट, मला सगळ्यात जास्त पटलेली. वाईत सात घाट सांगतात: भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, ब्राह्मणशाही आणि रामडोह. बघा, घाटाला नाव आळीचं. माघ-फाल्गुनात तिथे कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला बाई मानून तिची मूर्ती घाटावर मांडवात बसवतात. भजन, कीर्तन, हळदीकुंकू, प्रसादाचं जेवण, सगळं तिच्यासमोर. एका आळीचा उत्सव संपला की दुसरीचा, असा उत्सव पुढे सरकत जातो. यात श्रद्धा आहेच, पण सोयही आहे. ज्या आळीत पाहुणे येणार, त्या आळीला आपला घाट झाडून, धुऊन, डागडुजी करून ठेवावाच लागतो. अख्खी नदी सगळ्यांची म्हटली की ती कुणाचीच राहत नाही. घाट वाटून घेतले की नदीच्या प्रत्येक तुकड्याला कुणीतरी धनी मिळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवलीला जा. वाईपासून तीनेक किलोमीटर. तिथे नाना फडणविसांचा वाडा आहे आणि वाड्याच्या मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि एक मोठी धातूची घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या पोर्तुगिजांच्या चर्चमधून आलेली ही घंटा. सकाळच्या उन्हात हा घाट फार देखणा दिसतो. आशुतोष गोवारीकरांचा २००४ सालचा 'स्वदेस' हा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याचं बरंच चित्रण याच मेणवलीत झालं. त्यातही गोष्ट पाण्याचीच आहे: गावकरी एकत्र येतात, झऱ्याचं पाणी साठवतात आणि त्यावर वीज तयार करतात.

मेणवलीच्या पुढे धोम. तिथे नरसिंहाचं देऊळ आहे आणि वर धोमचं धरण. वाईच्या घाटाला चैत्रात पाणी किती दिसणार, हे आता वरच्या धरणातून किती सोडतात त्यावर ठरतं. म्हणून एखाद्या वर्षी घाट भरलेला दिसेल, एखाद्या वर्षी दगडगोटे. नदी आटली असं पटकन म्हणू नका. धरणातलं पाणी कालव्याने कुणाच्या तरी उसाला गेलेलं असतं, कुणाच्या तरी नळाला. आमच्या शिवाजी पार्काचं पाणी जसं शहापुरातून येतं, तसंच हे.

वसंतात असं पाण्याकाठच्या गावी जाण्याची आवड फक्त आपल्यालाच आहे असं नाही. चीनमध्ये शांघाय शहराजवळ जुनी पाण्याची गावं आहेत. तिथे रस्त्यांच्या जागी कालवे, कालव्यांवर दगडी पूल आणि घराच्या मागच्या दारातून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बायका भाजी धूत, कपडे धूत. झुजियाजियाओ नावाच्या गावात पाच कमानींचा दगडी पूल आहे, तो १५७१ सालचा. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे पूर्वजांच्या समाध्या झाडण्याचा सण असतो. त्याच सुट्टीत शहरातली माणसं गाड्या काढून वसंत बघायला बाहेर पडतात.

पण तिथली एक गोष्ट आपण ध्यानात ठेवायला हवी. वूझेन नावाचं असंच एक गाव आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या भागाची दुरुस्ती झाली, तेव्हा तिथल्या राहत्या माणसांना दुसरीकडे हलवलं. आता तो भाग लखलखीत आहे, तिकीट काढून बघता येतो. पायऱ्या आहेत, पण पिढ्यान् पिढ्या तिथे धुणं धुणारी बाई आता नाही. पाहुण्यांसाठी गाव सजवायचं की गावकऱ्यांसाठी राखायचं, हा प्रश्न आज ना उद्या आपल्याकडच्या घाटांपुढेही येणार आहे. वाईचा घाट सुंदर आहे, कारण तिथे अजून कुणीतरी पाण्यात उतरतं, दिवा लावतं, पोरं सूर मारतात. तेव्हा आपण गेलो तर पाहुण्यासारखं वागावं. निर्माल्य आणि द्रोण नदीत सोडू नयेत. धुणं करणाऱ्या, आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो काढू नयेत. पाण्याची बाटली सोबत आणली तशीच रिकामी परत न्यावी. जेवायचं ते गावातल्या खाणावळीत, म्हणजे चार पैसे गावात राहतात.

आता तयारीचं सांगते. मुंबई ते वाई साधारण २४० किलोमीटर. द्रुतगती मार्गाने पुणे, तिथून सातारा रस्त्याने खंबाटकी घाट चढून उतरायचं आणि सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. शनिवारी खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून आम्ही पहाटे पाचला निघालो. दर दोन तासांनी थांबायचं आणि प्रत्येकीने मोकळं होऊन यायचं, हा नियम आधीच ठरवला होता. लांबच्या प्रवासात जावं लागेल म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, आणि चैत्राच्या उन्हात ते अंगावर येतं. संकोच सोडा, पाणी प्या.

तुम्हाला गाडी ठरवायची गरज नाही. वाईला एसटीचं आगार आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या सर्व गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्या आजींना प्रवास मोफत. आजींचं आधार कार्ड तेवढं सोबत घ्या.

पैशांचं गणित गटाला नवं नाही. समजा पंधरा जणींनी महिन्याला शंभर रुपये वेगळे ठेवले, तर दहा महिन्यांत पंधरा हजार होतात. हे पैसे बचतीच्या खात्यात मिसळू नका. कर्ज देण्याघेण्याचा आणि सहलीचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा. एकीने हिशेब, एकीने औषधं, एकीने मुक्कामाची जागा, अशी कामं वाटून घ्या. मुक्कामाची खोली आणि संडास-न्हाणीघर आधी फोन करून विचारा. दर बोलून ठरवा. आणि घरी सांगताना "जाऊ का?" असं विचारू नका. "अमुक तारखेला गटाची सहल आहे, दोन दिवस भाकरी तुम्ही करा," असं महिनाभर आधी सांगा. आमच्यातल्या एका काकूंनी लग्नानंतर चाळीस वर्षांत देवदर्शन आणि लग्नकार्य सोडून कुठेच मुक्काम केला नव्हता. मेणवलीच्या घाटावर त्या तासभर पाण्यात पाय सोडून बसल्या. कुणी त्यांना उठवलं नाही.

आता शेवटचं, आणि हे खास तुमच्यासाठी. वाईला जाल तेव्हा जाल. त्याआधी तुमच्या गावचा पाणवठा याच नजरेने बघा. गटाच्या पुढच्या बैठकीला गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना बोलवा. त्यांना चार गोष्टी विचारा. पिण्याचं पाणी कुठून भरायचे? धुणं कुठे असायचं? गुरं कुठे उतरायची? आणि पूर कुठपर्यंत आला होता? बहुतेक गावांत उत्तर असं मिळेल की पिण्याचं पाणी वरच्या अंगाला, धुणं आणि गुरं खालच्या अंगाला. ही शिस्त कुणी कागदावर लिहिलेली नव्हती. ती बायकांनी पाळली म्हणून पाणी स्वच्छ राहिलं. आज ती मोडली असेल तर कुठे मोडली, ते आजी नेमकं दाखवतील.

मग किती पायऱ्या निखळल्यात ते मोजा. सांडपाण्याचं गटार नदीत कुठे सुटतं ते बघा आणि वहीत लिहा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, अशी तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. ती वही त्या सभेत वाचून दाखवा आणि पायऱ्यांच्या दुरुस्तीचा विषय ग्रामसभेत मांडायला सांगा. वाईच्या आळ्यांसारखं काठाचे भाग वाटून घेता आले, तर फारच उत्तम.

तुमच्या आजींनी काय सांगितलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात ते सगळ्या मैत्रिणींना ऐकवू.