धर्मादाय कोणाच्या खिशातून?

जुन्या पेढीवर मालाच्या बिलात किमतीखाली ‘धर्मादा’ म्हणून एक लहानशी रक्कम मांडण्याची रीत होती. गूळ नेणारा गिऱ्हाईक ती मुकाट्याने देई. पुढे त्यातून पांजरपोळ चाले, धर्मशाळा उभी राही, आणि दाता म्हणून नाव बहुधा शेटजींचेच घेतले जाई. मुंबई राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने, कलम ५४ अन्वये, स्पष्ट केले की हा पैसा व्यापाऱ्याचा नव्हे; तो त्याचा केवळ विश्वस्त.

कंपनीच्या देणगीविषयी हाच प्रश्न विचारावा लागतो. संचालक कंपनी चालवितात, पण तिचे मालक असतात भागधारक. तेव्हा संचालकांनी इस्पितळाला लाख रुपये दिले, तर औदार्य कोणाचे?

टाटा घराण्याने या कोड्यातून निराळीच वाट काढली. सर रतन टाटा १९१८ साली वारले आणि त्यांच्या संपत्तीचा विश्वस्त निधी १९१९ साली झाला. थोरले बंधू सर दोराबजी यांनी १९३२ साली आपले सर्वस्व अशाच निधीला दिले. आज टाटा सन्स या मुख्य कंपनीचे सुमारे ६६ टक्के भाग धर्मादाय निधींकडे आहेत. म्हणजे येथे कंपनी दान करते असे म्हणण्यापेक्षा दानच कंपनीचे मालक आहे, असे म्हणणे अधिक खरे! लाभांश येतो तो निधीकडे, आणि तेथून लोकांकडे. परळचे कर्करोग रुग्णालय १९४१ साली याच पैशातून उघडले. मात्र रुग्णालय बांधणे एक आणि ते वर्षानुवर्षे चालविणे दुसरे. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले.

परंतु सर्वस्व देणारी घराणी किती निघणार? म्हणून २०१३ च्या कंपनी कायद्याने, कलम १३५ अन्वये, मोठ्या कंपन्यांवर बंधन घातले. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. वर्षाला पाच कोटी वा अधिक निव्वळ नफा असलेली कंपनीही त्यात येते. मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्चावयाचे. सरासरी दहा कोटी असेल तर वीस लाख. केवळ स्वतःच्या कामगारांची सोय, राजकीय पक्षाची देणगी, मालाच्या जाहिरातीसाठी पुरस्कृत केलेला समारंभ, यांतले काहीही त्यात धरता येत नाही. आता याला दान म्हणावे की कर? माझ्या मते तो कराचाच चुलतभाऊ आहे. फरक इतकाच की कोठे खर्चावयाचा हे संचालक मंडळ ठरविते.

आणि खरी अडचण येथेच आहे. कंपनीने आपल्या आसपासच्या प्रदेशाला अग्रक्रम द्यावा, असे तेच कलम सांगते. धूर आणि सांडपाणी ज्यांच्या वाट्याला येते त्यांचा हक्क पहिला, हे न्याय्यच. पण ज्या दुष्काळी तालुक्यात कारखान्याचे धुराडेच नाही, त्याला शेजारी कोण?